नारायण विनायक जगताप यांना बक्षीस मिळालं तेव्हा

विदर्भातल्या शिक्षकांच्या आणि गावच्या वाचनालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: ‘जयंत नारळीकर केंब्रिजचे, नाव मोठं, म्हणून त्यांच्या विज्ञानकथांना बक्षिसं मिळाली. साहित्य अकादमीही त्यासाठीच. मुळात हा इंग्रजीतला माल, आणि त्यातलं विज्ञान समजायला प्रयोगशाळा लागते. खेड्यातल्या पोट्ट्यांनी त्यात वेळ घालवू नये.’ असलं वाचून एखाद्या वाचनालयाने खरेदीच्या यादीतून विज्ञानकथा वगळल्या, तर नुकसान लेकरांचंच होईल. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

‘नाव मोठं म्हणून बक्षीस.’ नाव मोठं होतंच. १९६५ मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालेला माणूस तो. नेमकं म्हणूनच त्यांनी ते नाव लपवलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण सुरू असताना नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. स्पर्धेला पाठवताना लेखकाचं नाव टाकलं नारायण विनायक जगताप, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर यातली ज.वि.ना. ही आद्याक्षरं उलटी करून ना.वि.ज. अक्षर कोणी ओळखेल म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून काढली. पहिलं बक्षीस आलं ते या जगतापांना. परीक्षकांसमोर केंब्रिज नव्हतं, पद्मभूषण नव्हतं, ओळखीचं हस्ताक्षरसुद्धा नव्हतं.

‘साहित्य अकादमीही त्यासाठीच.’ चूक. तो पुरस्कार २०१४ चा आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राचा. विज्ञानकथांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहाला मिळाला तो राज्य शासनाचा पुरस्कार. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, १९९६ चा, विज्ञानप्रसारासाठी होता.

‘इंग्रजीतला माल.’ कथा त्यांनी आधी मराठीत लिहिल्या. शाळा बनारसची, हिंदी माध्यमाची. मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. असं घर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण त्या घरातलं एक साधन कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत असतं, ते म्हणजे फळा. एम.एस्सी.साठी राहायला आलेले मामा, मोरेश्वर हुजुरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवायचे. ते भाच्याने सोडवायचं. वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा असा राखून ठेवायला काही खर्च नाही.

‘प्रयोगशाळा लागते.’ या वाक्याला लांब उत्तर द्यायला हवं, कारण ते शिक्षकांच्याही मनात बसलेलं आहे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ हीच कथा घ्या. उजव्या हाताचा गोलंदाज एकाएकी डावखुरा होतो, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. यामागे मोबियसच्या पट्टीची, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीची कल्पना आहे, आणि ती वर्गात वीस मिनिटांत दाखवता येते.

वह्यांना घालतो ते पारदर्शक प्लास्टिक घ्या. तीस सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. त्यावर दर पाच सेंटिमीटरला एक असा छोटा गणपती काढा, सगळ्यांची सोंड डावीकडे. साध्या स्केचपेनची शाई प्लास्टिकवर धरत नाही, पुसली जाते. सीडीवर लिहायचा मार्कर हवा. आता पट्टीचं एक टोक हातात धरून दुसऱ्याला अर्धा पीळ द्या आणि टोकं एकमेकांवर न चढवता समोरासमोर आणून चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी जोडा. जोडाजवळ बघा: शेवटचा गणपती सरळ आणि त्याच्या शेजारचा पहिला उलटा, पाय वर. कडं फिरवून त्या उलट्याला सरळ करा. त्याची सोंड उजवीकडे आलेली दिसते. पुसलं काही नाही, नवं काढलं नाही, फक्त एक फेरा झाला.

फसतं ते तीन ठिकाणी. अर्ध्याऐवजी पूर्ण पीळ पडला तर सोंड डावीच राहते. जाड कागद वापरला तर मुलांना वाटतं, चित्र नुसतं मागच्या बाजूला गेलं. आरपार दिसल्याशिवाय मुद्दा कळत नाही. पट्टी आखूड आणि रुंद झाली तर पिळाजागी घडी मोडते. माणसाला असा फेरा मारता येत नाही हे खरंच आहे. अवकाशालाच असा पीळ आहे, एवढं एक गृहीत कथा धरते. बाकी सगळं नेहमीच्या जगातलं राहतं.

‘खेड्यातल्या पोट्ट्यांनी वेळ घालवू नये.’ २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आभाळातून धातूचं कडं पडलं, जवळपास दहा फूट व्यासाचं. चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असं अंतराळ अभ्यासकांनी सांगितलं. कक्षेतली वस्तू तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावते. वातावरणात शिरल्यावर ती भयंकर तापते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात. म्हणून काही तुकडे जळतात आणि काही खालपर्यंत येतात. इतकं विज्ञान आठवीच्या मुलाला पुरतं.

यावर कथा लिहून घ्यायची तर गृहीत एकच द्या. समजा, पडल्यावर आठवडा झाला तरी ते कडं हाताला कोमटच लागतं. बाकी सगळं जसंच्या तसं: बघ्यांची गर्दी, तहसीलदारांचा पंचनामा, पोलीस ठाण्याच्या आवारात कड्याभोवती बांधलेली दोरी, रात्रपाळीचा शिपाई. कडं कोमट का, हे त्या शिपायाला आधी कळू द्या. मुलांच्या कथा बिघडतात त्या बहुधा सुरुवातीलाच, पहिली दोन पानं रॉकेटच्या माहितीत गेली की. नाहीतर मध्ये पुण्याचे शास्त्रज्ञ येऊन भाषण करतात, आणि शेवटी ते स्वप्न निघतं. या तिन्ही गोष्टी आधीच बंद करा आणि मर्यादा चार पानांची ठेवा. वह्या जमा झाल्या की नावाच्या जागी क्रमांक घालून दुसऱ्या गुरुजींकडे तपासायला द्या. अक्षर ओळखीचं असेल, तर कथा दुसऱ्या मुलाकडून उतरवून घ्या.