आठचं फॅक्टोरियल उणे २५,२१६

माझी फाईल परवा तिसऱ्यांदा परत आली आणि या वेळी कारण असं की माझं उत्तर बरोबर होतं.

थोडक्यात सांगते. वय ४७, पतसंस्थेत अकाउंट्सला २२ वर्षं, लेक इंजिनिअरिंगला बंगलोरला गेला आणि संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, म्हणून विद्यापीठाच्या संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. सी नावाच्या कंप्यूटरच्या भाषेत प्रोग्रॅमिंगची ओळख. आठवड्याला तीन लेक्चर, शनिवारी प्रॅक्टिकल. वर्गात मी सोडून सगळी १९-२० वर्षांची. मला काकू म्हणतात. म्हणू देत, आहेच मी काकू.

आणि खरं सांगू का, प्रोग्रॅमिंग मला आवडतंय. पहिले पंधरा दिवस सेमीकोलनने, म्हणजे ओळीच्या शेवटी द्यायच्या अर्धविरामाने, रडवलं, कारण तो विसरायचा सातव्या ओळीत आणि बोंब व्हायची आठव्या ओळीवर, म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं, चूक धाकट्या जावेची आणि तोंड माझ्याकडे. पण एकदा ते कळलं की वरच्या ओळीत बघायचं, की मग काही नाही. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे जमतं. एक पैसा जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत बसणारी माणसं आम्ही.

न जमणारी गोष्ट वेगळीच आहे. जर्नल.

म्हणजे बघा, प्रोग्रॅम कंप्यूटरवर करायचा, चालवायचा, आणि मग तोच प्रोग्रॅम फाईलमध्ये निळ्या पेनने हाताने लिहून काढायचा. आधी उद्देश, मग अल्गोरिदम (पायऱ्या शब्दांत), मग फ्लोचार्ट (त्याच पायऱ्या चौकटी आणि बाण काढून), मग प्रोग्रॅम. हे सगळं उजव्या पानावर, रेघांच्या बाजूला. आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅमने दिलेलं उत्तर, समोरच्या कोऱ्या डाव्या पानावर, पेन्सिलने. का पेन्सिलने? विचारू नका. मी विचारलं होतं. आणि शेवटी निष्कर्ष, जो पंधराही प्रॅक्टिकलला एकच असतो की अशा प्रकारे आम्ही अमुक-तमुकचा यशस्वी अभ्यास केला. कंप्यूटरवर एका बटणात कॉपी होणारी गोष्ट हाताने उतरवून घेणं म्हणजे घरी गिरणी असून जात्यावर दळायला बसवण्यातला प्रकार आहे, आणि वर त्याचे २५ मार्क.

आता मामा. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. किल्ली मामांकडे, हजेरी मामांकडे, चपला बाहेर काढायला लावणारे मामा (कंप्यूटरला धूळ चालत न्हाई, असं म्हणत स्वतः कीबोर्डशेजारी भेळ खाणारेही मामाच). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मास्टर फाईल मामांकडे. २०११ साली कुठल्यातरी हुशार मुलीने केलेलं जर्नल आहे ते, अक्षर खरंच मोत्यासारखं, लोखंडी कपाटात कुलपात असतं, पोथीसारखं लाल कापडात गुंडाळलेलं नाही एवढंच. नियम असा की आपली फाईल आधी मामा मास्टर फाईलशी ताडून पाहणार, कोपऱ्यात बारीक टिक करणार आणि टिक असेल तरच सर सही करणार.

प्रॅक्टिकल नंबर ७, फॅक्टोरियल काढणे. आठचं फॅक्टोरियल म्हणजे एक ते आठ आकड्यांचा गुणाकार, ४०,३२०. हे मी तोंडी करते. माझ्या फाईलमध्ये तेच लिहिलं होतं. मामांनी मास्टर फाईल उघडली, बोट ठेवलं, माझ्या पानाकडे बघितलं, परत तिकडे बघितलं.

"ताई, उत्तर चुकलंय."

मी वाकून बघितलं. मास्टर फाईलमध्ये, मोत्यासारख्या अक्षरात, पेन्सिलने, उणे २५,२१६.

मला आधी वाटलं कुणीतरी चेष्टा केलीये. म्हटलं, मामा, अहो सगळे प्लसचे आकडे गुणलेत, मायनस येईलच कसं? कुठून येईल?

"ते मला न्हाई माहीत. पर येतंय. २०११ पासनं सगळ्यांचं मायनसच येतंय. ह्या फाईलवरनं पोरं अमेरिकेला गेली, ताई. एकाचं सुदिक चुकलं न्हाई."

म्हटलं तुमचा मोबाईल काढा. काढला. कॅल्क्युलेटर उघडा. उघडला. मी एकेक आकडा सांगत गेले आणि मामा एका बोटाने, प्रत्येक वेळी चष्मा वर करून, गुणत गेले, मध्ये सहाच्या आकड्याला एकदा फोन आला, बायकोचा, कोथिंबीर आणायची की नाही यावर चार मिनिटं गेली, परत पहिल्यापासून केलं. ४०,३२०.

मामा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मला वाटलं झालं, उजाडलं.

"मोबाईलचं येगळं असतंय ताई," मामा शांतपणे म्हणाले, "ह्यो कंपूटर हाय."

मागे रांगेत अकरा मुलं उभी होती आणि त्यातला एकही हसला नाही, कारण त्या अकराही जणांच्या फाईलमध्ये उणे २५,२१६ होतं.

आता यातली गंमत अशी की मामा एका अर्थी खोटं बोलत नव्हते. आमच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे, सीचे प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर. निळा स्क्रीन, माऊस आत अडकला की बाहेर येत नाही तो. पहिलं टर्बो सी १९८७ साली आलं, तेव्हा मी चौथीत होते आणि आमच्या गल्लीत एक फोन होता. त्यात आकडा ठेवायला साधा इंट, म्हणजे छोटा डबा, घेतला तर त्याला दोनच बाइट जागा मिळते, म्हणजे मोजून ६५,५३६ आकडे, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. त्याच्या वर गेलं की रहाटगाडग्याच्या पोहऱ्यासारखं, वर टोकाला जाऊन पलीकडून पालथं खाली. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, बरोबर उणे २५,२१६. आणि दहाचं फॅक्टोरियल काढलंत तर येतं २४,३२०, म्हणजे परत प्लस! खरं उत्तर ३६,२८,८००. हे तर मायनसपेक्षा भयंकर आहे, कारण मायनस दिसलं की निदान शंका तरी येते. आमच्या पतसंस्थेत असं झालं असतं तर ठेवीदार दारात आणि मी कोर्टात. म्हणून मी इंटच्या जागी लाँग, म्हणजे मोठा डबा, घेतला होता, छापायला परसेंट डीच्या जागी परसेंट एलडी, दोन शब्दांचा बदल. हे सगळं सरांनीच दुसऱ्या आठवड्यात शिकवलंय. माझ्या वहीत आहे, तारखेसकट.

मग सरांकडे गेले. सर म्हणजे २७-२८ वर्षांचा मुलगा, शिकवतो इतकं छान की पॉइंटरसारखा अवघड भागही मला कळला, आणखी काय पाहिजे. पान बघितलं, चेहरा खुलला. "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. इतक्या बॅचमध्ये हे पहिल्यांदा कुणीतरी केलंय."

म्हटलं मग करा सही.

चेहरा मिटला. "टिक नाहीये ना. आणि परीक्षेला बाहेरचे एक्स्टर्नल येतात तेही मास्टर फाईलवरूनच बघतात. उगाच तुमचे मार्क जायचे."

म्हटलं तुम्ही सांगा ना मामांना. त्यावर सर जे म्हणाले ते मला हसण्यावारी नेता येत नाहीये. म्हणाले, मॅडम, मी तासिका तत्त्वावर आहे, मामा पर्मनंट आहेत. म्हणजे तासाचे पैसे, तेही दिवाळीचे संक्रांतीला मिळाले तर मिळाले, पुढच्या वर्षी परत ऑर्डर निघेल की नाही हे त्याचं त्याला माहीत नाही, आणि तो मुलगा टर्बो सीच्या जागी नवा कंपायलर टाका म्हणून दोनदा अर्ज देऊन बसलाय, फुकट मिळतो तो, एक रुपया लागत नाही. उत्तर आलं, सिलॅबसमध्ये बसत नाही. आम्ही ८,५०० रुपये फी भरलीये, त्यात लॅब फी वेगळी, आणि त्यातून काय घेतलं तर लॅबच्या दारावर नवीन पाटी, चपला बाहेर काढाव्यात. जाऊ दे. बोलायला लागले की मला बीपीची गोळी आठवते.

तर शेवटी काय केलं? तेच, जे सगळे करतात. रविवारी दुपारी खोडरबर घेऊन बसले. एकटीची नाही, तिघींची फाईल, कारण माझ्या मागे बसणाऱ्या दोन मुलींनी माझ्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ४०,३२० उतरवलं होतं आणि त्यांचीही फाईल परत आली होती. "काकू, तुमच्यामुळे झालं," असं तोंडावर म्हणाल्या. तिघींचं बरोबर उत्तर खोडलं, तिघींचं चुकीचं लिहिलं. प्रोग्रॅममध्ये मात्र लाँग तसाच ठेवला, तेवढी इज्जत राखली. मामा काही तिकडे बघत नाहीत, ते फक्त आउटपुट बघतात.

काल फाईल नेली. मामांनी पान उजेडात धरलं, तिरकं केलं.

"ताई, हितं खाडाखोड दिसतीय."

बावीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य ऐकवलंय, व्हाउचरवर. मला काही बोलताच येईना.

"पान बदला," मामा म्हणाले.

आता पान बदलायचं म्हणजे नुसतं पान नाही, कारण आउटपुटचं डावं पान ही फ्लोचार्टच्या पानाची मागची बाजू असते, म्हणजे फ्लोचार्टही नव्याने. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, स्टेन्सिल त्या दोघींपैकी एक घेऊन गेलीये, म्हणून फ्लोचार्टमधली डिसिजनची, हो की नाही विचारणारी, चौकट मी हातानेच काढलीये आणि ती थोडी शंकरपाळ्यासारखी झालीये. त्यावर मामांचं काय म्हणणं पडतं ते शनिवारी कळेल.