‘दीड वेटोळं कापा, बाकी काही बदलत नाही’? बदलतं की!

जुनी शेव्हरोले सी-१०, म्हणजे अमेरिकन पिकअप, घेतली की महिन्याभरात हा सल्ला कुणीतरी देतोच: पुढच्या स्प्रिंगांचं दीड-दीड वेटोळं ग्राइंडरने उडवा, नाक दोन-तीन इंच खाली येतं. तासाभराचं काम, खर्च शून्य, गाडी वळणाला चिकटून जाते आणि बाकी काही बदलत नाही. ड्रॉप स्पिंडल, म्हणजे स्प्रिंग न कापता गाडी खाली आणणारा चाकामागचा बदली भाग, घेणारे म्हणे उगाच पैसे उधळतात. मी ह्यूस्टनला राहतो, माझी सी-१० १९७२ची आहे आणि तिच्या स्प्रिंगा मीच कापल्या होत्या. म्हणून बोलतोय.

आधी कापण्याच्या विरोधकांची एक चूक. कापलेली स्प्रिंग कमजोर होते, असं ते म्हणतात. उलट आहे. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. १० वेटोळी काम करत असतील आणि एक गेलं, तर कडकपणा साधारण ११ टक्के वाढतो. अट एकच, स्प्रिंग थंड राहिली पाहिजे. गॅसने लाल करून कापली किंवा तापवून दाबून बसवली, की पोलादाचं पाणी उतरलंच म्हणून समजा. शिवाय कापायचं टोक कोणतं, तेही बघावं लागतं. सपाट बसवलेलं टोक कापलं तर स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही.

‘दीड वेटोळं म्हणजे इतके इंच’ हे गणितही बहुतेक जण बाकावर पडलेली मोकळी स्प्रिंग मोजून करतात. गाडीचं वजन तेच, म्हणून उरलेलं प्रत्येक वेटोळं पूर्वीइतकंच दबतं. म्हणजे कमी होते ती दबलेल्या अवस्थेतली एका वेटोळ्याची जागा. समजा गाडीखाली स्प्रिंग ९ इंच आहे आणि वेटोळी ९. एक कापलं तर स्प्रिंगशी एक इंच गेला. पण स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या दोन दांड्यांपैकी खालच्याच्या) मधोमध बसते, चाक टोकाला. त्यामुळे चाकाशी जवळजवळ दोन इंच. दीडला तीन. मी हे आधी मोजलं नव्हतं, दीड कापून मोकळा झालो होतो.

‘बाकी काही बदलत नाही’ हा मात्र शुद्ध थापेबाजीचा भाग. गाडी खाली आली म्हणजे दोन्ही आर्म वर उचलले गेले. कँबर निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाचा माथा आत झुकतो; टो, म्हणजे वरून बघता चाकाची दिशा, बिघडतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. कँबर वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या शिमांनी (पातळ पट्ट्यांनी) बराचसा सावरतो, टो स्टिअरिंगच्या टायरॉडने. टायरॉडचा कोन मात्र सावरत नाही, म्हणून खड्ड्यात स्टिअरिंग आपसूक ओढतं. हेडलाइटही पुन्हा लावून घ्यावे लागतात, हे जाता जाता.

सगळ्यात मोठी किंमत मोजावी लागते ती चाकाला खड्ड्या-उंचवट्यावर वर जायला उरलेल्या जागेत. मी मुलीची खेळायची माती घेतली, खालच्या आर्मला अडवणाऱ्या रबरी बंपस्टॉपवर सुपारीएवढा गोळा चिकटवला आणि आमच्या गल्लीतल्या एका स्पीडब्रेकरवरून, तोही सावकाश, गाडी नेली. उतरून बघतो तर गोळ्याची पापडी. म्हणजे ज्याला मी ‘कडक स्पोर्टी राइड’ म्हणत होतो ती स्प्रिंग नव्हतीच, आर्म रबरावर आपटत होता. जुने शॉकअप तसेच ठेवले होते, तेही तळाला टेकायच्या बेतात.

आता वळणाचं. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला, हे खरं. पण आर्म वर झुकले की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, त्याहून जास्त खाली घसरतं. दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर बॉडीला कलायला मोठा दांडा मिळतो. वाढलेल्या कडकपणाचा फायदा इथे बराचसा खर्ची पडतो. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस आर्मच्या टोकांच्या बॉलजॉइंटांच्या (गोल सांध्यांच्या) तुलनेत वर घेतलेला असतो, सहसा अडीच इंच. त्यामुळे आर्म, स्प्रिंग, शॉकअप सगळं आपापल्या जागी राहतं आणि गाडी तेवढी खाली येते. पैसे त्याचेच.

तासाभराच्या कामाबद्दल एवढंच: खालचा बॉलजॉइंट सुटताना दबलेली स्प्रिंग उडाली तर हात जाऊ शकतो. आर्मखाली जॅक आणि स्प्रिंगमधून फ्रेमला साखळी, याशिवाय हात लावू नका.

स्पिंडलवाल्यांनीही फार ताठ होऊ नये. पुढे डिस्क ब्रेक १९७१ला आले. त्याआधीच्या ड्रमवाल्या गाडीला बहुतेक ड्रॉप स्पिंडल लावायचे तर डिस्कचा सगळा सरंजाम आला, आणि बऱ्याचदा १५ इंची चाकंही. असा मालक थंड कापलेलं अर्धं-पाऊण वेटोळं, आखूड शॉकअप आणि नीट अलाइनमेंट यावर भागवत असेल, तर माझी तक्रार नाही. दीड वेटोळं आणि ‘बाकी काही बदलत नाही’, याला आहे.

आणि हो, हा सल्ला १९६० ते ६२च्या गाडीवाल्यांनाही सर्रास दिला जातो. त्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, कॉइल स्प्रिंग १९६३पासून आली. देणाऱ्याने एकदा खाली वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं, की तिथे कापायला वेटोळंच नाही.