वर्ग जर्मनीत, हजेरी शहापुरात

परदेशी शिकायला एक मुलगा जातो, असं व्हिसाच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते खोटं आहे. बेळगावच्या शहापुरातनं आमचा धाकटा जर्मनीला एम.एस.ला गेला आणि घरातले सगळे नि गल्लीतले बरेचसे मिळून आम्ही पहिल्या सेमिस्टरला बसलो.

पहिला पेपर फीचा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे मी शेजारच्या अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, "फुकट घेतलंय म्हणे, काय तरी भानगड असणार." मग खुलासा केला, की व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात टाकावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२च काढता येतात. अण्णा म्हणाले, "आपलेच पैसे आपल्याला हप्त्यानं? ही तर भिशी झाली की." ती भिशी भरायला घराची कागदपत्रं बँकेत ठेवली आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पत्ता कर्नाटकातला, म्हणून व्हिसाला बेंगळुरूची वारी. जाता जाता सांगतो, १९५६ पासून आम्ही महाराष्ट्रात जायचं म्हणतोय, दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि हे कार्टं वर्षाच्या आत जर्मनीत पोचलं. बेळगावकरांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू, असं पत्रात होतं. आईनं त्या दिवशी कपिलेश्वराला नारळ फोडला, गल्लीत कुंदा वाटला. फोन केला तर साहेब झोपलेले! सेमिस्टर सुरू झालंय, तास ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होणार म्हणे. नारळ वाया गेला की आगाऊ जमा झाला, यावर घरात अजून एकमत नाही.

अखेर तास सुरू झाले. वेळापत्रकात दहाच्या पुढं 'सी.टी.' अशी दोन अक्षरं असली, की तास सव्वादहाला भरतो, असं त्यानं सांगितलं. आई खूश. "म्हणजे आपल्यासारखंच की!" मी मात्र खचलो. जर्मन माणसाच्या वक्तशीरपणाचे दाखले देऊन देऊन मी या पोराला दहावीपर्यंत अंथरुणातून उठवलं होतं. आता त्यांनीच पंधरा मिनिटांची सूट छापून दिल्यावर बापानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? वर तास संपला की पोरं टाळ्यांऐवजी मुठीनं बाक ठोकतात. आमच्या मास्तरांनी एवढ्यासाठी मला अख्खा तास अंगठे धरून उभं केलं होतं.

आणि व्याख्यानाला हजेरी घेत नाहीत! हे ऐकल्यावर ती जबाबदारी हिनं अंगावर घेतली. आपलं घड्याळ साडेतीन तास पुढं. त्यामुळं दुपारी साडेतीनला, म्हणजे त्यांच्या बाराला, तास सुटल्यावर व्हिडिओ कॉल. समोर पुस्तक दिसलं पाहिजे, आणि ताटही.

ही शिस्त जरा बसतेय तोच ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. त्या पहाटे तिकडची सगळी घड्याळं एक तास मागं जातात. आईला हे पटवणं म्हणजे माझी पीएच.डी.च.

"मग तो तास गेला कुठं?"

"मार्चमध्ये परत काढून घेतात."

"उसना घेतलाय म्हण की मग."

उसनवारीचा हिशेब तिला पटला, पण आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला तो कुणी सांगितला नाही. सोमवारी नेहमीप्रमाणं साडेतीनला फोन लावला. तिकडं अकरा वाजलेले, तास ऐन रंगात. त्यानं फोन कापायला बोट लावलं आणि तो उचलला गेला. ऐंशी वर्षांचा, गल्लीच्या त्या टोकाला पोचणारा आवाज जर्मन सभागृहात घुमला, "जेवलास काय रे बाळा? का अजून झोपूलालास?"

प्रोफेसर थांबले. मग मागच्या रांगेतून कुणीतरी बाक ठोकला आणि बघता बघता सगळे ठोकायला लागले. कुणाच्या व्याख्यानासाठी, ते पोरानं सांगितलं नाही. आईचा दावा आहे, की माझ्याच.

अण्णांना आता अभ्यासाची गोडी लागलीय. परवा त्यांनी मार्कांची चौकशी केली. मी सांगितलं, की पोराचे इथले टक्के तिकडच्या मापात बसवून १.८ निघालेत.

"एवढेच?" अण्णांचा चेहरा पडला. "फी घेत नाहीत, मग मार्क तरी कुठनं देणार म्हणा."

"अण्णा, तिकडं १ म्हणजे सगळ्यात भारी. ४ पर्यंत पास, ५ म्हणजे नापास."

अण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हणजे आकडा जेवढा बारका, तेवढं पोर हुशार?"

"व्हय."

"मग आमच्या नातवाचा पण पासपोर्ट काढूया की. त्याला गणितात दीड पडलाय."