‘परदेशी फौज यायला तयार होती’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातला विसर्ग लाख क्युसेकच्या वर गेला, कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास परत येतो. यंदा तो धाकट्या मामांनी टाकला. म्हणणं असं: भारतात परदेशी मदत घ्यायला कायद्यानं बंदी आहे. युनोच्या नियमानुसार मात्र ती नाकारता येत नाही. २०१९ च्या महापुरात बेळगावात सरावाला आलेल्या जपानी जवानांना डीसींनी (जिल्हाधिकाऱ्यांनी) एक फोन केला असता, तर चिकोडी-निपाणी-गोकाकचे हाल टळले असते. आणि जितकी जास्त फौज उतरेल तितके जास्त जीव वाचतात.

मामा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, तुम्ही मामींना घेऊन गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा छावणीत, राहिलात. तुमचा राग मला कळतो. पण हा मेसेज त्या रागाला भलत्याच वाटेनं नेतो.

बंदीचं आधी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात अशी बंदी नाही. धोरण आहे, आणि ते २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेत लिहिलेलं आहे: भारत सरकार परदेशी मदतीचं आवाहन करत नाही, पण एखाद्या देशानं आपण होऊन सद्भावनेनं मदत देऊ केली तर केंद्र ती स्वीकारू शकतं. २००१ च्या भूज भूकंपात इस्रायली सैन्यानं तिथं फील्ड हॉस्पिटल उभारलं होतं. २००४ च्या त्सुनामीत मनमोहन सिंग सरकारनं ‘आमचं आम्ही पाहू’ अशी भूमिका घेतली आणि उलट श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला आपली जहाजं पाठवली. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमेरिकी हवाई दलाची विमानं सामान घेऊन दिल्लीत उतरली, तेव्हा आपण ते घेतलंच. २०१८ मध्ये केरळसाठी परदेशी सरकारांची मदत घेतली नाही, तो निर्णय मला आजही पटलेला नाही. पैसे घेणं वेगळं, फौज उतरवणं वेगळं.

युनोचं तर मेसेजमध्ये उलटंच सांगितलंय. आमसभेचा १९९१ चा ४६/१८२ हा ठराव म्हणतो की मदत संकटग्रस्त देशाच्या संमतीनंच द्यायची. परदेशी लष्करी मदतीसाठी ‘ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं’ म्हणून वेगळा दस्तऐवज आहे. त्यात लष्करी साधनं अगदी शेवटचा पर्याय मानलीत: नागरी यंत्रणेकडं ती सोय नसेल तेव्हाच, आणि यजमान देशानं मागितली किंवा होकार दिला तरच.

जपानी जवान बेळगावात आले होते, हे खरं. ‘धर्म गार्डियन’ हा भारत-जपान लष्करी सराव इथं झाला तो २०२२ मध्ये, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. महापुरानंतर अडीच वर्षांनी, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि परराष्ट्र व्यवहार, संरक्षण हे विषय केंद्राचे. डीसी आपल्या सैन्याची मदत मागू शकतात, दुसऱ्या देशाची नाही.

खरा घोळ शेवटच्या मुद्द्यात आहे, कारण तो ऐकायला सगळ्यात खरा वाटतो. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप बघा. आपल्या हवाई दलाची विमानं त्याच दिवशी काठमांडूत पोचली. मागोमाग इतर देशांची पथकं, लष्करं, सामान. विमानतळ एक, धावपट्टी एक. गर्दीपायी विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली, काही माघारी फिरली. जड विमानांनी धावपट्टीला तडे जायला लागले, तेव्हा मोठ्या विमानांना बंदी करावी लागली. ब्रिटननं तीन चिनूक हेलिकॉप्टरं भारतापर्यंत आणली होती, नेपाळनं परवानगी दिली नाही, ती तशीच परत गेली. आलेल्या फौजांना कामं वाटून द्यायला नेपाळच्या लष्करानं बहुराष्ट्रीय समन्वय केंद्र चालवलं: कुणी कुठल्या खोऱ्यात जायचं, कुणाच्या हेलिकॉप्टरला इंधन कुठं मिळणार. हे केंद्र नसतं तर सगळे काठमांडूतच एकमेकांच्या पायात आले असते.

हेच लहान मापात मी आपल्या नदीकाठी पाहिलंय. २०१९ ला बाहेरून एक रबरी बोट आली. जवान तयारीचे, इंजिन दणकट. दोनशे फुटांवर बोट थांबली. खाली उसाचा फड होता, पाला पंख्यात गुंतला. जवान हिंदी बोलणारे, पलीकडच्या छपरावरची म्हातारी मराठीत ओरडतेय. पुढच्या खेपेला गावातला एक नावाडी बांबू घेऊन बोटीच्या नाकावर बसला. “हितं खाली हीर हाय, डावीकडनं घ्या. तारंखाली वाकून ऱ्हावा.” बोट सरळ छपराला लागली. म्हणजे बाहेरच्या प्रत्येक बोटीमागं एक वाटाड्या, एक दुभाषा आणि डिझेल देणारं कुणीतरी लागतं. आपल्याच देशातल्या पथकाला एवढं लागलं. परक्या भाषेतल्या पन्नास बोटी आल्या असत्या, तर एवढे बांबूवाले कुठनं आणले असते?

मेसेज लिहिणाऱ्याची एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. नकारानं माणसं मरतात. २००८ मध्ये नर्गिस वादळानं म्यानमारमध्ये लाखावर माणसं गेली, अमेरिकेची जहाजं किनाऱ्याबाहेर थांबून होती आणि तिथल्या लष्करशहांनी त्यांना आत घेतलं नाही. तो गुन्हाच होता. पण म्यानमारकडं स्वतःची यंत्रणा पुरेशी नव्हती आणि इतरांनाही येऊ द्यायचं नव्हतं. आपल्याकडं एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, आहे, बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे. आपण अडतो ते दुसऱ्याच ठिकाणी: महाराष्ट्रातल्या कोयना-काळम्मावाडी धरणांतून किती पाणी सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय, हे दोन राज्यांमधून फिरून नदीकाठच्या घरापर्यंत वेळेत पोचतंय का, तिथं.

मागच्या पुरानंतर गावासाठी एक बोट आली होती. ती कुठल्या गोदामात आहे, तिचं इंजिन शेवटचं कधी चालू केलं, चालवणारा कोण, हे विचारायला मी सोमवारी पंचायतीत चाललोय. मामा, तुम्ही येता का बरोबर?