दाजी, युरोपात पण सुट्टी असते

फॅमिली ग्रुपवर दाजींनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय. जयंतीची सुट्टी म्हणजे महापुरुषांचा अपमान, त्या दिवशी उलट दोन तास जादा काम करा, युरोपात बघा. आता युरोप मी नऊ वर्षं पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात राहून बघतोय आणि दाजी बघतायत व्हॉट्सॲपवर, पण ऐकून घ्यायचं मीच.

तर पोलंडमध्ये वर्षाला १४ सुट्ट्या. २४ डिसेंबरची तर २०२५ पासून नवीन वाढवली. सुट्टी शनिवारी आली तर कंपनीला बदली दिवस द्यावाच लागतो. (आपली सरकारी यादी याहून लांब आहे, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणि ते जादा काम करून आदरांजली वगैरे इथे करून झालंय हो. कम्युनिस्टांच्या काळात १ मेच्या मोर्चाला हजेरी लावायची, वर त्या दिवसाच्या नावाने फुकट राबायचं. २२ जुलै हा नवीन राष्ट्रीय दिवस काढला, कम्युनिस्टांच्या १९४४ च्या जाहीरनाम्याचा, वेडेलच्या चॉकलेट फॅक्टरीचं नाव पण '२२ जुलै' करून टाकलं. आणि पोलंडच्या १७९१ च्या संविधानाचा ३ मे बंद, स्वातंत्र्याचा ११ नोव्हेंबर बंद. आज बघा, ते दोन्ही परत आलेत आणि २२ जुलैला मी निवांत ऑफिसात असतो, कुणी नावही काढत नाही. १ मे राहिलाय, पण ३ तारखेपर्यंत जोडून सगळे ग्रिल पेटवतात, संविधान बिंविधान काही नाही, सॉसेज. यावर दाजी म्हणाले, म्हणजे झोपाच काढता की. बरोबर आहे त्यांचं.

पण १ नोव्हेंबर तसा नाही. ती पण सुट्टीच, त्या दिवशी सगळे आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातात. ओसोबोवित्सेच्या दफनभूमीकडे जाणारी ट्राम खचाखच, प्रत्येकाच्या मांडीवर शेवंतीची कुंडी, पिशवीत झाकणाचे दिवे. ज्यांची माणसं लांब कुठेतरी पुरलीत ते तिथल्या मोठ्या क्रॉसपाशी दिवा ठेवतात. आबा गेले तेव्हा मी पोचलो थेट रक्षाविसर्जनाला, तिसऱ्या दिवशी, पंचगंगेत जे सोडलं तेवढंच मी बघितलं. त्या वर्षी मीपण एक लाल दिवा घेऊन गेलो. वाऱ्यात लायटर पेटेना, तर शेजारच्या आजींनी आपल्या दिव्यावरून पेटवून दिला आणि विचारलं कोणासाठी. म्हटलं, ताता. वडिलांना इथे ताताच म्हणतात. त्यांनी झाकण नीट बसवलं आणि गेल्या.

खरं सांगायचं तर पाडव्याला मी नऊ वर्षांत एकदाही रजा टाकली नाही. पितृपक्षात लॉगिन, आंबेडकर जयंतीला लॉगिन, शिवजयंतीला तर रिलीज होती, रात्री नऊपर्यंत बसलो. दाजींच्या फॉरवर्डमधला तो आदर्श माणूस मीच आहे, आणि त्यात महापुरुषांचा मान किती वाढला ते मलाच माहीत.

दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात होते, १९४३ ते ४८. त्यातल्या काहींच्या कबरी अजून कोल्हापुरात आहेत. काल दाजींना वेगळा मेसेज केला, की या १ नोव्हेंबरला तिथे एक पणती लावाल का, मी इथे आबांची लावतो.

निळ्या टिका आल्यात. अजून उत्तर नाही.