सत्यराणींचं नाव यायलाच हवं होतं

हुंडाविरोधी कायद्यांवरचा लेख आवडला, कलमं सोपी करून सांगितलीत. पण ज्या आयांमुळे ही कलमं आली, त्यांच्यासाठी एक ओळही नाही, हे खटकलं. दिल्लीच्या सत्यराणी चढ्ढा यांची लेक 1979 मध्ये सासरी जळून गेली. पोटुशी होती. सासरच्यांना स्कूटर हवी होती! पोरगी गेल्यावर ही बाई घरात रडत बसली नाही. मोर्च्यात लेकीचा फोटो छातीशी धरून उभी राहिली. शहाजहान आपांची मुलगीही अशीच गेली होती. दोघींनी मिळून 1987 मध्ये ‘शक्ती शालिनी’ ही संस्था उभी केली. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या कितीतरी बायकांना तिथे आसरा मिळाला. सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498अ 1983 मध्ये आलं, हुंडाबळीचं 304ब 1986 मध्ये, त्यामागे अशा आयांची आंदोलनं होती.

आणि स्वतःच्या लेकीचा न्याय? जावयाला शिक्षा झाली 2000 मध्ये, हायकोर्टाने ती कायम केली 2013 मध्ये. चौतीस वर्षं! पुढच्याच वर्षी सत्यराणी गेल्या. माहेरी परत आलेल्या मुलीला ‘थोडं सहन कर’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हे वाचलं जावं असं मनापासून वाटतं. लेखाच्या पुढच्या भागात या दोघींवर सविस्तर लिहा, ही विनंती.