आजीची बोटं आणि एका डॉक्टरचा उजवा हात

आमचं मेडिकलचं दुकान. सकाळी नऊला शटर वर जातं, रात्री साडेनऊला खाली येतं, मधला सगळा वेळ मी काउंटरमागे. ज्यांचं काहीच दुखत नाही अशी गिऱ्हाइकं किती येतात याची तुम्हाला कल्पना नसेल. दुखत नसतं, पण वाजत असतं. "उठताना गुडघा कट्‌कन वाजतो हो. वंगण संपलंय. वंगणाचं काहीतरी द्या." जुनी लुना दुरुस्तीला आणल्यासारखं.

गेल्या आठवड्यात एक मावशी आल्या. मुलगा बारावीला, अभ्यासाला बसला की सारखी बोटं मोडतो, म्हणून त्याच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या हव्या होत्या. दुखतं का? नाही. सूज? नाही. मग राहू द्या की, म्हटलं. मावशींना ते पटलं नाही. दुकानात बसून गोळ्या द्यायला नको म्हणतो म्हणजे याला काही कळत नाही, असा चेहरा करून त्या पायऱ्या उतरल्या आणि घरापर्यंत माझ्या नावानं बोटं मोडत गेल्या असणार.

बोटं मोडण्याशी आमच्या घराचं नातं जुनं आहे. लहानपणी आम्ही भावंडांनी बोटं मोडली की आजी खेकसायची, "मोडू नका रे मेल्यांनो, घरात दळिद्र येतं! म्हातारपणी हात वाकडे होतील!" आणि हीच आजी कुणाच्या लग्नाहून आलो की, शाळेचं गॅदरिंग झालं की, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मग दोन्ही तळवे आमच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकवायची आणि कडाकडा मोडायची. आवाज जितका मोठा तितकी दृष्ट मोठी. दहाच्या दहा वाजली की काय ते समाधान! "बघ, केवढी लागली होती!" आमच्या मोडण्यानं दळिद्र येतं, मग तुझ्या मोडण्यानं का येत नाही, हे मी तिला एकदाच विचारलं. पाठीत धपाटा बसला. विषय संपला.

पुढे आजीची बोटं खरंच वाकडी झाली. शेवटच्या पेरांशी टणक गाठी आल्या, पाटल्या चढेनात. आयुष्यभर गावच्या पोरांच्या दृष्टी काढल्या, त्याचंच हे, असं म्हणून सगळे मोकळे. पण आजीच्या धाकट्या बहिणीची बोटं कधी वाजायचीच नाहीत. दृष्ट काढायची वेळ आली की ती आजीला हाक मारायची. तिच्या हातांनाही अगदी तशाच गाठी. आणि आता आत्याच्या हातालाही यायला लागल्यात. या गाठींचं वर्णन 18व्या शतकात विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरनं करून ठेवलंय, अजून त्याच्याच नावानं त्या ओळखल्या जातात. बायकांना जास्त होतात, आणि घराण्यात चालत येतात. पण हे कळायला मला डी.फार्म होईपर्यंत वाट बघावी लागली. घरात दोन बहिणींचे हात रोज शेजारी शेजारी भाजी निवडत होते, ते एकमेकांशी ताडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

एका माणसाच्या मात्र आलं. कॅलिफोर्नियातले डॉक्टर डोनाल्ड अंगर. त्यांना लहानपणी आईनं, मावश्या-आत्यांनी आणि पुढे सासूबाईंनीसुद्धा तेच ऐकवलं होतं: बोटं मोडशील तर संधिवात होईल. आपण काय करतो? एकतर गुपचूप ऐकतो, नाहीतर वाद घालतो. यांनी दोन्ही केलं नाही. डाव्या हाताची बोटं रोज निदान दोनदा मोडायची आणि उजव्या हाताची मुद्दाम कधीच मोडायची नाहीत, असं ठरवलं आणि पन्नास वर्षं पाळलं. त्यांच्याच हिशेबानं डावा हात किमान 36,500 वेळा वाजला. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना डाव्याला ना उजव्याला, दोन्ही सारखेच. 1998 साली संधिवातावरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे पत्र म्हणून छापलं, आणि जाता जाता लिहिलं की आता आईवडिलांच्या बाकीच्या समजुतीही, म्हणजे पालक खाण्याचं महत्त्व वगैरे, तपासून बघायला हव्यात. सासूला उत्तर द्यायला पन्नास वर्षं दम धरणारा जावई माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

2009 मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल मिळालं. 1991 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं हे पारितोषिक, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या दोन डॉक्टरांनाही 2001 साली ते मिळालंय, पौगंडातल्या मुलांच्या नाकात बोट घालण्याच्या सवयीच्या अभ्यासाबद्दल. त्या समारंभात कुणाचं भाषण लांबलं की एक लहान मुलगी स्टेजवर येऊन "बास करा ना, मला कंटाळा आला" असं म्हणत राहते. ही मुलगी आपल्याकडच्या सत्कार समारंभांना भाड्यानं मिळाली तर मी स्वतः वर्गणी काढीन.

आता तो आवाज. हाडावर हाड आपटतं म्हणून वाजतं, असं मलाही वाटायचं. तसं नाही. बोटाच्या सांध्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत द्रव असतो (हेच ते वंगण) आणि त्यात वायू विरघळलेला असतो. बोट ताणलं की आतली जागा वाढते, दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात बुडबुडा तयार होतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसंच काहीसं. भांडण आहे ते पुढे. 1947 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुडबुडा तयार होताना आवाज येतो. 1971 मध्ये लीड्सच्या मंडळींचं म्हणणं पडलं, छे, तो फुटताना येतो. 2015 मध्ये कॅनडात एमआरआय मशीनमध्ये हात घालून बोटं ओढली आणि पारडं परत पहिल्या बाजूला गेलं. 2018 मध्ये फ्रान्समधून गणित आलं की बुडबुडा अर्धवट जरी फुटला तरी एवढा आवाज निघू शकतो. एका बोटासाठी सत्तर वर्षं! आमच्या भाऊबंदकीतला बांधाचा दावासुद्धा याच्या आधी मिटला.

हे सगळं मी शोधत बसलो ते पोरामुळं. आठवीत आहे. बोट मोडत म्हणाला, "पप्पा, एकदा वाजलं की लगेच परत का वाजत नाही?" माझा हात सवयीनं धपाट्यासाठी उठलाच होता. मग म्हटलं, किती वेळानं वाजतं ते तूच बघ. पठ्ठ्यानं पाची बोटं मोडली आणि मोबाइलवर वेळ लावली. करंगळी पाच मिनिटांनी ओढायची, अनामिका दहा, मधलं पंधरा, तर्जनी वीस, अंगठा पंचवीस. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. का रे? "करंगळी मुळातच नीट वाजत नाही, मग तिच्यावर उगाच आळ यायचा." गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर त्यानं आकडे मांडलेत, ते खोकं काउंटरखाली जपून ठेवलंय. पाच-दहा मिनिटांत एकही वाजलं नाही, पंधराला एखाददुसरं, विसाच्या पुढे बहुतेक सगळी. अभ्यासकही साधारण वीस मिनिटंच सांगतात. तो वायू परत विरघळायला वेळ लागतो ना.

याच पोराच्या प्रयोगवहीत निरीक्षणाच्या आधी निष्कर्ष लिहिलेला असतो, फळ्यावरून उतरवून. त्यावर काय बोलणार.

अंगर डॉक्टरांचा प्रयोग म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. माणूस एक, आणि कुठला हात मोडलाय हे तपासणाऱ्यालाच आधीपासून माहीत. मोठा गट घेऊन बघायला हवं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. तसं बघणारेही झाले. 1990 मध्ये 300 लोकांचा अभ्यास छापून आला. बोटं मोडणाऱ्यांत संधिवात जास्त दिसला नाही, पण हाताला सूज आणि पकड कमजोर असल्याचं दिसलं. 2011 मध्ये 215 जणांची पाहणी झाली, त्यातही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध सापडला नाही. तेव्हा मी पोराला "खुशाल मोड" म्हणत नाही, "हात वाकडे होतील" असंही म्हणत नाही. वाजण्याबरोबर दुखत असेल, सुजत असेल, सकाळी बोटं आखडत असतील तर मात्र माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा.

मला खरं कौतुक वाटतं ते त्या उजव्या हाताचं. पन्नास वर्षं काहीही न करता तो नुसता थांबला, म्हणून डाव्या हाताच्या बोलण्याला किंमत आली. माझ्या काउंटरवर दिवसभर डावे हात येतात. "त्या काढ्यानं चार दिवसांत सर्दी पळाली." "ते कडं घातल्यापासून बीपी नाही." अहो, काढा न घेणाऱ्या शेजाऱ्याची सर्दी किती दिवस राहिली ते विचारलंत का? सर्दी औषधानं सात दिवसांत बरी होते आणि औषधाशिवाय आठवड्यात, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे. आम्ही तो गिऱ्हाइकासमोर सांगत नाही एवढंच. आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. "हे सिरप लोकांना चांगलं लागू पडतंय" असं रोज चार वेळा म्हणतो. ज्यांना लागू पडलं नाही ते परत सांगायला कुठे येतात?

परवा पोराला विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर मिळाला, त्याच खोक्यावरच्या आकड्यांचा तक्ता करून. धाकटीनं त्याच दिवशी नाचात बक्षीस आणलेलं. संध्याकाळी आईनं दोघांना देवासमोर उभं केलं. आधी धाकटीची दृष्ट काढली, बोटं कडाकड वाजली, एकदम खूश. मग नातवाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी नेले, दाबले. काहीच नाही. परत दाबले. आवाज नाही. आईचा चेहरा पडला. "अगंबाई, याला कुणाची लागलेलीच नाही!"

पोरगं पाटावर बसलं आणि म्हणालं, "आज्जी, वीस मिनिटं थांब."